लोणच्याच्या दुकानावरचं कंट्री

"ओकुनी वा?"

नवा माणूस जिना चढून वर आला की तिचा पहिला प्रश्न हा. विचारताना ती बोट दाखवायची नाही. गळ्यातली गिटार तशीच उचलून तिचं टोक त्या माणसाच्या छातीवर रोखायची. एखादा प्राध्यापक असो, कॉलेजातली पोर असो, नाहीतर गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस असो, त्याला उत्तर दिल्याशिवाय बसता यायचं नाही.

म्हणजे 'तुमचं कुनी कुठलं?' जपानीत 'कुनी' म्हणजे देश, आणि 'कुनी' म्हणजे आपलं गाव, आपला मुलूखही. आपण 'देशावरचे' म्हणतो तेव्हा जो देश असतो ना, साधारण तसाच. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सरळ म्हणाले, "इंडिया."

तिनं गिटार खाली घेतलीच नाही. "तो पासपोर्टावरचा," ती म्हणाली. "आई जिथं रागवायची, तो कुठला?"

मी खरं तर लोणचं घ्यायला गेले होते. सेंदाईत येऊन मला जेमतेम एक हिवाळा झाला होता. विद्यापीठात धातूंवरचं संशोधन, घरी दिवसभर लॅपटॉपवरून कावासाकीच्या ऑफिसशी बोलणारा नवरा, आणि शाळेतून रोज नवे जपानी शब्द घेऊन येणारी लेक रेवा. स्टेशनाजवळच्या बाजारात लोणच्यांचं एक जुनं दुकान आहे असं लॅबमध्ये कुणीतरी सांगितलं. कैरीचं मिळणार नाही हे कळत होतं, पण आंबट-खारट काहीतरी हवं होतं. दुकानात शिरले तर गल्ल्यावर कुणी नाही. फक्त आंबूस वास, आणि डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीतून येणारा धप्-चिक, धप्-चिक असा आवाज. मी आवाजाच्या मागे जिना चढले.

वर वीसेक माणसं दाटीवाटीनं अमेरिकेतली गावाकडची, 'कंट्री' म्हणतात ती गाणी वाजवत बसली होती. मधोमध ती. वय ऐंशीच्या आसपास, डोक्यावर रुंद काठाची काउबॉय हॅट, अंगात लोणचीवालीचा निळा एप्रन आणि पायात टाचांचे बूट. त्या टाचेनं ती जमिनीवर ठेका धरायची. खालचं दुकान हलतंय की काय असं वाटे.

सारं शहर तिला 'नेएसान' म्हणायचं. नेएसान म्हणजे ताई. एका विद्यार्थ्यानं एकदा भाबडेपणानं 'ओबाआसान', म्हणजे आजी, म्हटलं होतं. तिनं त्याला त्या दिवशी वाजवायला कुकरचं झाकण दिलं.

कारण वर आलेल्या माणसानं रिकाम्या हातानं बसायचं नाही, हा तिचा नियम होता. "ऐकायला रेडिओ आहे," ती म्हणायची. ज्याला काही येत नाही त्याला चमचे, डबे, नाहीतर कपडे घासायची जुनी पत्र्याची फळी मिळे. मला चमचे मिळाले.

आणि दुसरा नियम असा, की पहिल्या दिवशी आपल्या कुनीचं एक गाणं म्हणायचं.

मी काही गाणारी नव्हे. शास्त्रीय माझ्याच्यानं होणार नव्हतं, सिनेमातलं गाणं त्या नजरेपुढे म्हणायची हिंमत नव्हती. मग एकदम आठवलं, विट्याजवळच्या आमच्या गावी भोंडल्याला माझी मावशी स्वतः रचलेली गाणी म्हणायची. त्यातलं एक, फाट्यावर न थांबणाऱ्या एस.टी.चं. मी डोळे मिटून चमच्यांवर ठेका धरला.

थांब गं एष्टी, थांब गं बाई,
माहेराला जायाची झालीया घाई.
धुरळा उडवून गेलीस निघून,
फाट्यावर उभी मी, सोबत न्हाई.

एवढंच कडवं. मी डोळे उघडले. "अर्थ सांग," ती म्हणाली. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितला. बाई, पिशवी, रस्ता, बस. बस थांबत नाही.

तिनं मांडीवर थाप मारली. "न्दा! न्दा, न्दा!" हे त्या भागातल्या बोलीतलं 'हो, हो!' "गाडी गेली आणि बाई राहिली! अरे, हेच तर कंट्री! हिची मावशी कंट्री गायची आणि हिला माहीत नाही!"

ड्रमवर बसलेले एक गंभीर गृहस्थ हात वर करून उठले. ते शहर बसचे ड्रायव्हर होते, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हरसान म्हणत. ते म्हणाले, "माफ करा, पण आम्ही स्टॉपवरचा प्रवासी असा कधीही सोडत नाही."

"तू गप्प बस आणि बसचा आवाज काढ," ती म्हणाली.

त्यांनी झांजेवर काठ्या फिरवून बस आणली. बॅन्जोवाल्या मुलीनं धुरळा उडवला. आणि माझ्या मावशीची एस.टी. जपानच्या उत्तरेकडच्या एका लोणच्याच्या दुकानावर, धप्-चिक, धप्-चिक करत धावायला लागली. मी लोणचं न घेताच घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "काय मिळालं?" मी म्हटलं, "चमचे."

तेव्हापासून रविवारची दुपार तिथं जायची. जेवण उरकायचं आणि सायकल काढायची.

तुम्ही कधी सेंदाईला आलात तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. इथले बँड आपापल्या गावाचं गातात. काळे कपडे घातलेली, केस पिंजारलेली आरडाओरडा करणारी मंडळी वाळवलेल्या पर्सिमन फळांच्या माळांवर गातात. कालवं पिकवणाऱ्या घरातली एक मुलगी रॅप करते, ते शिंपल्यांवर आणि बापाच्या चिरा पडलेल्या हातांवर. तोक्योतून आलेले लोक विचारतात, हे इथं सुरू कुणी केलं? तर हे सगळं लोणच्याच्या दुकानावरून उतरलेलं.

तिची पद्धत सोपी होती. शहरात कुठंही नवा बँड वाजवणार असं कळलं की ती जायची. दुकानाचा एप्रन तसाच, वर हॅट. अगदी पुढे, हाताची घडी घालून उभी. आवडलं तर बूट आपटायची. नाही आवडलं तर दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "इझुई."

हा शब्द त्याच भागातला, आणि त्याला जपानीतसुद्धा दुसरा शब्द नाही म्हणतात. शर्टाच्या मानेला लावलेली चिठ्ठी काचते, बुटात खडा असतो, डोळ्यात पापणीचा केस जातो, तेव्हा जे होतं ते इझुई. दुखत नाही, पण आपलं वाटत नाही. ड्रायव्हरसान तरुणपणी तोक्योच्या कुठल्याशा बँडची हुबेहूब नक्कल करायचे. एकदा तिनं "इझुई" म्हटलं आणि ते स्टेजवरून उतरून तिच्याशी भांडायला गेले. "मग काय गाऊ?" ते ओरडले. ती म्हणाली, "ओकुनी वा?" त्यांचं गाव डोंगरात होतं. शाळा बंद पडलेली, बससुद्धा बंद पडलेली. त्यांनी त्या बंद पडलेल्या बसवर गाणं केलं. मग, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, त्यांना गाण्यापेक्षाही बस चालवावीशी वाटायला लागली.

तिला हे सगळं कुठून सुचलं, ते तिनं एकदा पिंपात कोबी दाबता दाबता सांगितलं.

शाळेत असताना तिनं रेडिओवर अमेरिकन सैनिकांसाठी लागणारं एक कंट्री गाणं ऐकलं आणि वेडी झाली. घरातून भांडून तोक्योला गेली. तिथं तिला झालरींचं जाकीट मिळालं, हॅट मिळाली, क्लबात गायला मिळालं. एक रेकॉर्डही निघाली. इंग्रजी येत नव्हतं, पण उच्चार पाठ केले होते. मॅनेजरनं शिकवलं होतं, की अमुक ओळीला हसायचं आणि तमुक ओळीला डोळा मारायचा. एका दुपारी तालमीला आलेल्या एका अमेरिकन माणसाला तिनं विचारलं, या माझ्या गाण्याचा अर्थ काय हो? त्यानं सांगितलं. एका माणसाची आई गावी मरते आणि त्याला तिथं पोचता येत नाही.

"आणि मी कित्येक वर्षं त्या ओळीला डोळा मारत होते!" हे सांगताना ती इतकी हसली, की हातातला दगड कोबीवर ठेवायच्या ऐवजी तिनं माझ्या हातात दिला. मग डोळे पुसून म्हणाली, "त्याच आठवड्यात परत आले. आई होती अजून. आईनं विचारलंसुद्धा नाही कुठं होतीस. म्हणाली, मुळे धुवायला घे."

रेवाला मी एका रविवारी तिच्याकडे घेऊन गेले. मनात होतं, पोरगी माझ्यासारखंच मावशीचं गाणं म्हणेल, मी नेएसानला अभिमानानं दाखवेन. गिटार रोखली गेली. "ओकुनी वा?"

रेवा जपानीत म्हणाली, "सेंदाई."

मी घाईनं म्हटलं, "रेवा, अगं, आपलं गाव..." पण नेएसाननं माझ्याकडे बघितलंही नाही.

"न्दा," ती रेवाला म्हणाली. "मग सेंदाईचं गा."

रेवानं शाळेतल्या जेवणाच्या रांगेचं काहीतरी तिथल्या तिथं रचून म्हटलं. त्यात सूप संपतं आणि हिचा नंबर येतो. सगळी खोली दाद द्यायला लागली. घरी येताना मी सायकल हळू चालवत मागेच राहिले होते. रेवा सायकलवरून मागे वळून मराठीत म्हणाली, "आई, माझं पण कंट्रीच होतं ना गं? सूप गेलं आणि मी राहिले." मग मला हसू आवरलं नाही.

एका वसंतात नेएसानचा आवाज बसला. लोणच्याचं मीठ लागलं असेल म्हणत तिनं बरेच दिवस घालवले. शेवटी ड्रायव्हरसाननीच तिला आपल्या सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात नेलं. घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी ती नेहमीसारखीच आली. सगळ्यांना वाटलं आज ती खूप गाईल. ती एकही गाणं गायली नाही. दिवसभर दुसऱ्यांना गायला लावलं. मी विचारलं, "तुम्ही गा ना." ती म्हणाली, "माझं मला पाठ आहे. तुमचं ऐकू दे."

ती परतली तेव्हा गळ्याला रेशमी रुमाल होता आणि एप्रनच्या खिशात मानेला लावून बोलायचं एक छोटं यंत्र. घशाला टेकवून बटण दाबलं की माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि त्याचे शब्द होतात. पण ती ते वापरायची नाही. दुकानात बोटांनी भाव सांगायची. रविवारी वर यायची, फळी वाजवायची आणि खाली जायची. हॅट मात्र घालायची नाही. खोलीतला धप् कमी झाला होता, सगळ्यांना जाणवत होतं.

दर सप्टेंबरात आमचं शहर रस्त्यावर वाजवायला उतरतं. फुटपाथ, बागा, दुकानांच्या पायऱ्या, केयाकीच्या उंच झाडांखालचा हमरस्ता, सगळीकडे बँड. त्या वर्षी सगळ्या बँडवाल्यांनी ठरवलं, तिच्यासाठी काहीतरी करायचं. तिची ती तोक्योची जुनी रेकॉर्ड कुणीतरी शोधून काढली. ते गाणं सगळ्यांनी मिळून, संथ लयीत, अदबीनं वाजवायचं. शेवटी फुलं द्यायची.

तालीम दुकानावरच झाली, तिला बसवून. पन्नासेक माणसं जिन्यापर्यंत उभी. गिटारी हळू आवाजात सुरू झाल्या. व्हायोलिन आलं. पुढे उभ्या दोन मुली रडायला लागल्या. मीही डोळे टिपत होते. ती मान खाली घालून ऐकत होती. आम्हाला वाटलं, तिला भरून आलंय.

तिनं एप्रनच्या खिशात हात घातला. यंत्र काढलं. गळ्याला टेकवलं. आम्ही तिचा आवाज इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ऐकणार होतो.

"इ... झु... ई."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग ड्रायव्हरसान फुटले. ते हसता हसता ड्रमवर आडवे झाले आणि त्यांच्यामागे सगळी खोली. व्हायोलिनवाला जिन्यावर जाऊन बसला. रडणाऱ्या मुली आता हसून रडत होत्या. ती मात्र गंभीर. यंत्र पुन्हा टेकवून म्हणाली, "मी मेले नाही." मग तिनं यंत्र माझ्याकडे रोखलं आणि परत गळ्याला लावलं. "एसुती."

तिला एस.टी. म्हणता यायचं नाही, पहिल्यापासून एसुतीच.

"आत्ता?" मी विचारलं.

"रस्त्यावर," तिचं यंत्र गुणगुणलं. "सगळ्यांनी. आणि ते फिरत म्हणतात म्हणालीस ना? तसं."

आता भोंडला म्हटल्यावर मी एकटी काय करणार? घरी जाऊन सेंदाईतल्या झाडून साऱ्या मराठी बायकांना फोन केले. त्यात दोन पीएच.डी. करणाऱ्या मुली, एक आठव्या महिन्यातली गरोदर बाई, आणि मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या बारामतीच्या काकू. काकू म्हणाल्या, "रस्त्यावर? परमिशन आहे का गं?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग नऊवारी नेसते. पण बूट घालणार हं, माझ्या टाचा दुखतात."

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. केयाकीच्या झाडांखाली बँडवाले दोन्ही बाजूंना अर्ध्या फुटपाथभर पसरले. भोंडल्यात आपण मधोमध पाटावर हत्ती मांडतो. आमच्या मधोमध नेएसान उभी राहिली, गळ्यात पत्र्याची फळी अडकवून, दहा बोटांत शिवणाची टोपणं घालून. आणि डोक्यावर हॅट!

तिनं बूट आपटला. धप्.

काकूंनी खणखणीत आवाजात 'थांब गं एष्टी' उचललं आणि आम्ही फिरायला लागलो. पहिली दोन आवर्तनं आम्ही बायकाच. मग पर्सिमनवाल्या बँडमधले पिंजारलेले केस आत घुसले. कालवंवाली आली. रेवा तिच्या वर्गातल्या मैत्रिणींना ओढत घेऊन आली. त्यांना शब्द येत नव्हते, त्या नुसत्या "एसुती! एसुती!" ओरडत होत्या. गर्दीला रस्ता मोकळा ठेवा म्हणून सांगणारा स्वयंसेवक काकूंनी हाताला धरून फेरात घेतला. तो झेंडी सावरत तसाच फिरायला लागला. फेराबाहेर दुसरा फेर झाला, त्याच्याबाहेर तिसरा. गिटारी, बॅन्जो, एक तुतारी, कुणीतरी तीन तारांचं जपानी शामिसेन. ड्रायव्हरसान असे वाजवत होते, की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

तेवढ्यात हमरस्त्यावरून शहर बस आली. स्टॉप आमच्यासमोरच होता, पण स्टॉपवर कुणीच नव्हतं, सगळे आमच्यात होते. अशा वेळी बस थांबायची नाही. फेरातली शेकडो माणसं तिच्याकडे हात करून ओरडली, "थांब गं एष्टी, थांब गं बाई!" आतल्या ड्रायव्हरनं आमच्या ड्रायव्हरसानला ओळखलं. टोपीला हात लावला.

आणि बस थांबली हो! दार उघडलं!

असा जल्लोष मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. कुणी चढणार नव्हतं, कुणी उतरणार नव्हतं. ड्रायव्हरसान काठ्या उंचावून ओरडत होते, "सांगितलं नव्हतं? आम्ही सोडत नाही!" काकू रडत होत्या आणि फिरत होत्या. नेएसानचं तोंड उघडं होतं, मान मागे गेली होती, ती पोट धरून हसत होती. त्या हसण्याला आवाज नव्हता, पण टोपणांनी फळीवर ती असा गडगडाट करत होती, की आवाजाची उणीव कुणाला भासली नाही.

ती त्याच हिवाळ्यात गेली. दुखणं परत उलटलं होतं. तिनं ते आम्हाला सांगितलं नव्हतं. अंत्यविधीला बर्फ पडत होता. फोटोत हॅट होती.

काही आठवड्यांनी तिच्या धाकट्या बहिणीनं आम्हा सगळ्यांना रविवारी दुपारी दुकानावर बोलावलं. उत्तरेकडच्या एका बंदरगावाहून आलेली, बुटकी, नीटनेटकी, कमी बोलणारी बाई. दुकान बंद होणार होतं. बँडवाले हळूच भिंतीकडे बघत होते. कुणाला तिची गिटार मिळेल असं वाटत होतं, कुणाला बॅन्जो. पण भिंत रिकामी होती. तिची वाद्यं तिनं केव्हाच शहरभर उसनी देऊन टाकलेली होती, आणि ती परत मागायला कुणी येणार नव्हतं.

बहीण म्हणाली, "मला गाण्यातलं काही कळत नाही. तुम्ही कोण कोण आहात, तेही नीट कळत नाही. पण खाली नुका आहे." नुका म्हणजे लोणच्यांसाठी आंबवलेला तांदळाचा कोंडा. मीठ घालून मुरवलेला, आईच्या वेळेपासून चालत आलेला. "तो रोज हातानं खालवर करावा लागतो. एक दिवस चुकला तरी बिघडतो. माझ्याच्यानं एवढा होणार नाही. मी तिला विचारलं, काय करू? ती म्हणाली, माझ्याकडे हात भरपूर आहेत."

मग तिनं आम्हाला खाली नेलं आणि प्रत्येकाच्या हातात नुका भरलेला एकेक झाकणाचा डबा दिला. पिंजारलेल्या केसांचा गायक डबा पोटाशी धरून उभा राहिला. झाकण उघडून त्यानं आत नाक घातलं आणि रडायला लागला. विचारलं तर म्हणाला, "वास फार उग्र आहे."

आमचा बँडवाल्यांचा फोनवर एक गट आहे. पूर्वी त्यावर कोण कुठं वाजवणार एवढंच असायचं. आता सकाळी उघडावा तर, 'माझं पाणी सुटलंय, काय करू?', 'मुळा किती दिवस?', 'दौऱ्यावर चाललोय, कुणी माझा ढवळेल का?' माझा डबा ओट्याखाली आहे. रेवा नाक दाबून "कुसाई!" म्हणते, घाण वास, पण मला लॅबमध्ये उशीर झाला तर बाही वर करून तीच हात घालते.

परवा सकाळी मी विद्यापीठाच्या स्टॉपवर उभी होते. बस आली, दार उघडलं, आत ड्रायव्हरसान. पांढरे स्वच्छ हातमोजे, सरळ पाठ, ड्यूटीवर ओळख दाखवायची नाही असा चेहरा. मी कार्ड टेकवलं. त्यांनी समोरच बघत हातमोज्यातला उजवा हात किंचित माझ्याकडे केला आणि हळूच विचारलं, "येतोय का?"

मी वाकून वास घेतला.

"येतोय."

"हं," ते म्हणाले, दार लावलं, आरशात बघितलं, आणि बस सोडली.